घर ओढताना

चिलोए बेटावर समुद्र उंबऱ्याशी आला
तेव्हा एल्युतेरियो टोपी हातात घेऊन निघाला.

चाळीस वर्षं गावाला प्रार्थना सांगितल्या,
शवपेट्यांना खांदा दिला,
कुणाचं देणं ठेवलं नाही.
पण "घर हलवायचंय, याल का?"
एवढं म्हणायला
ओर्तेन्सियाच्या दारात तीनदा खोकावं लागलं.

शनिवारी बैल आले, दोरखंड आले,
कुंपणावरून अबोला धरलेला बाउतिस्ताही आला.
घर ओंडक्यांवरून सरकू लागलं,
खिडकीत पडदे तसेच.

त्यानं दोराला हात घातला.
"आज नाही," ओर्तेन्सिया म्हणाली,
"आज तू नुसता चाल."

रिकाम्या हातांचं काय करावं कळेना.
मग आठवलं,
प्रभूसुद्धा थोडं अंतर
असाच मोकळ्या खांद्यानं चालला होता,
आणि मागे, क्रूस घेऊन,
कुरेनेकर शिमोन.