धावदोरा

क्रॅस्टरच्या धक्क्यामागे, जुन्या चॅपलच्या खोलीत
आम्ही सात जणी, आणि एक टॉम्लिन्सन,
निवृत्त पोस्टमन,
ज्याचे टाके सगळ्यांत बारीक.
खालच्या धुराड्यातून हेरिंगचा धूर येतो,
कापसात शिरतो, केसांत, सँडविचमध्येसुद्धा.

विनिफ्रेड माझं कापड उलटं करते.
चष्मा कपाळावर.
"प्रत्येक टाक्याला गाठ?"

एकतीस वर्षं न्यूकॅसलला पोटं शिवली, मी सांगते.
एक सुटला तरी बाकीच्यांनी धरून राहावं,
म्हणून ज्याची गाठ त्याला.
हात तेवढंच शिकलेत.

ती हसत नाही.
"इथे कुणाला रक्त येणार नाहीये.
सोड त्याला. पळू दे."

धावदोरा.
किती वर्षांनी आठवला हा शब्द,
दातारबाईंनी तीनदा उसवलेल्या रुमालासकट.

दुपारभर पळवते. निळ्यावर पांढरा, वाकडा.
बाहेर पाणी ओसरत जातं,
खडकांवर शेवाळाची रेघ राहते,
तीही काही सरळ नाही.

चहाला टॉम्लिन्सन शर्ट वर करतो,
अपेंडिक्सचा व्रण दाखवतो: "हे तुमचंच काम का?"
मी वाकून बघते.
"माझं असतं तर दिसलं नसतं."
बायका खोखो हसतात. विनिफ्रेडसुद्धा.

रात्री खोलीवर शेवटच्या टाक्याशी येते.
बोटं सवयीने वळतात गाठीकडे.
तिथेच थांबवते त्यांना,
दोरा लोंबता ठेवून दिवा मालवते.

आणि दोनदा उठून,
अनवाणी,
बघून येते
सुटला तर नाही.