पेव

काटदरे मॅडम पुण्याहून पलूसला आल्या,
आम्हा अकरा जणांना वास घ्यायला शिकवायला.
मला हसू आलं. नाक काय शाळेत घालायचं?

"ग्लास दांड्याला धरा, पोटाला नाही.
टेबलावरच ठेवून फिरवा,
लहान गोल. शून्य काढल्यासारखा."
इलाही नदाफचा शून्य भलताच मोठा झाला,
पांढऱ्या शर्टावर शिराझचा एक जिल्हा उमटला.
मला पहिल्याच खेपेला जमलं.
ताकाचं भांडं विसळताना
मनगट असंच तर फिरतं,
तळाचं पांढरं सुटून येईस्तोवर.

"आता थांबा," मॅडम म्हणाल्या.
"लगेच नाक घालू नका. तिला श्वास घेऊ द्या."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं.

हरिपुरात. उन्हात. आबांच्या तोंडून.
पेवाच्या तोंडावरची माती पहारीनं फोडायची,
दगड सरकवायचा आणि लगोलग मागं व्हायचं.
"वाकू नका कुणी. दम घेऊ दे त्याला."
व्यापारी घड्याळ बघायचा,
हमाल तंबाखू मळत बसायचे,
आणि आबा दोरीला कंदील बांधून
वीतवीत खाली सोडायचे.
विझला, की वर. पुन्हा बसून राहायचं.

मी पालथी पडून काठापर्यंत सरकायची, चोरून.
हळदीचा वास आधी येत नाही.
आधी येतं ते गोडसर, जड काहीतरी,
वर्षभर कुणाशी न बोललेलं.
मग ओलं गोणपाट. मग पाचट.
हळद सगळ्यात शेवटी,
आणि तीही आमटीतली नव्हे,
अंधारात म्हातारी झालेली.

"बोला, काय येतंय?"
नदाफ म्हणाला, जांभूळ.
कुणी काळी मिरी म्हणालं, मॅडम खूष झाल्या.
मी म्हणाले, "कंदील विझल्यावरचं."
"म्हणजे धूर?"
"धूर नाही हो मॅडम.
कंदील विझल्यावर थांबावं लागतं ना,
ते."
त्यांनी पेन उचललं, माझ्याकडं पाहिलं,
आणि कागदावर लिहिलं: धूर, मध्यम.

पाच सालच्या पुरात पेवांत पाणी शिरलं.
कितीतरी दिवस गल्लीतून पिवळं वाहत होतं.
त्यानंतर आबांना बोलावणं आलं नाही.
सकाळी पेपर आला की
उघडण्याआधी ते त्याचा वास घ्यायचे.
आई म्हणायची, "काय लागलंय त्याला?"
ते म्हणायचे, "बघतोय, आत कुणी जाण्यासारखं आहे का."

घोट गिळायचा नसतो. बादलीत थुंकायचा.
मी थुंकले. तोंड कोरडं पडलं, जिभेवर साय धरल्यासारखं.
नाकात मात्र कुणी दगड परत लावला नाही.

संध्याकाळी ग्लास धुवायचं काम माझ्याकडं.
प्रत्येकी तीन, म्हणजे तेहतीस.
बत्तीस धुतले, पुसले, उलटे टांगले.

सांगलीच्या एस्टीत खिडकीशी बसलेय,
मांडीवर पदर, पदरात रिकामा ग्लास,
ग्लासच्या तोंडावर तळहात.
कंडक्टर शेजारी येऊन टिचकी वाजवतोय,
"ताई, सुट्टे काढा."
डाव्या हातानं पर्सची चेन उघडत नाही.
"ताई."
थांबा म्हटलं. जरा दम घेऊ द्या.