धाड

"रेड हाय आपल्या कंप्युटरमंधी," म्हणालो,
तर वच्छलाबाई इंगळे दचकल्या :
"धाड? कोणाची धाड पडली बाप्पा?"
तेव्हा हसलो.
एकाच खोक्यात दोन डिस्का, समजावून सांगितलं,
एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटतं,
एक मेली तर दुसरी मागं राहते.
बाई म्हणाल्या, "आन् चुकीचं लिहिलं तं?"
मी चहा मागवला.

दर्यापूरच्या अलीकडे, टिनाच्या छताखाली
आमची माती तपासायची प्रयोगशाळा.
चौदा वर्षं, एकोणचाळीस गावं,
कापडी पिशव्यांतून आलेली काळी ढेकळं
वाळवलेली, कुटलेली, चाळलेली,
आणि प्रत्येकीचा सामू, क्षार, चुनखडी, पालाश
त्या खोक्यात.
खारपाणपट्टा हा. विहिरीचं पाणी जिभेला कळतं,
वावराचं आकड्यांशिवाय कळत नाही.

मेच्या अठ्ठावीस तारखेला, सेहेचाळीस डिग्रीत
लाइन तीनदा गेली, तीनदा आली,
आणि पडदा निळा पडला तो पडलाच.

अंजनगावचा अश्फाक आला, ओला दुपट्टा डोक्यावर.
महिन्याच्या महिन्याला घेतलेला बॅकअप
मी कपाटातून काढला, रुमालात गुंडाळलेला,
थोडा मिरवतच.
पेनड्राइव्हवरून त्यानं रिकव्हरीचं सॉफ्टवेअर उठवलं.
त्याला जोडी ओळखू येईना,
कार्डाचा ड्रायव्हरच नव्हता त्याच्यात.
दिसल्या दोन परक्या डिस्का, शेजारी शेजारी,
आडनाव नसलेल्या.
विचारलं : कोणत्या डिस्कवर उतरवू?
अश्फाकनं माझ्याकडं पाहिलं.
मी म्हणालो, पहिली.
थांब म्हणायचं होतं. दोन अक्षरांचा शब्द.

एकसष्ट टक्क्यांवर पट्टी अडली.
बॅकअपच आतून किडलेला.
दर महिन्याला घेतला होता,
उघडून एकदाही पाहिला नव्हता.
बोंडातली अळी बाहेरून कुठं दिसते.
"कार्डावरून परत चालू करून पाहू," अश्फाक म्हणाला.
कार्ड जागं झालं,
दोघी सारख्या नाहीत हे त्याच्या ध्यानात आलं,
आणि त्यानं आपलं काम केलं, इमानेइतबारे :
अर्धी रिकामी डिस्क
भरल्या डिस्कवर रात्रभर उतरवली.
सकाळी हिरवा दिवा. सगळं ठीक.

नंतर खरवडून खरवडून जे निघालं ते असं :
सामू ८.७. सामू ९.१. सामू ८.४.
गाव नाही, गट नंबर नाही, नाव नाही.
नुसती दुखणी, दुखणेकरी पसार.

वच्छलाबाईंनी मग फोन लावायला घेतले.
"काकाजी, मातीचं कार्ड सापडते का घरात? ते हिरवं?"
येवद्याच्या सुखदेव अरबटांचं पेटीच्या तळाशी अंथरलेलं.
एकाचं शिलाई मशीनच्या पायाखाली, डुगडुगू नये म्हणून.
लेहेगावहून फोटो आला,
त्यात कार्डापेक्षा अंगठाच मोठा.
एका कार्डाच्या पाठीवर नातीनं मोर काढलेला,
पिसारा थेट पालाशपर्यंत फुटलेला.
"तुमच्याजवळ नाही? तुमीच तं देल्लं व्हतं!"
एक म्हातारी फोनमध्ये ओरडली,
आणि मग आकडे वाचून दाखवले, सावकाश,
पाढे म्हणावे तसे. दोनदा.

दिवाळीपर्यंत तीनशे बारा झाले, सहा हजारांतले.
बाई वहीत उतरवतात, मी टाइप करतो.
अश्फाक रविवारी येतो
आणि नवा बॅकअप एका भंगार मशीनवर
खोटाखोटा उतरवून पाहतो.
पैसे घेत नाही. चहात साखर जास्त मागतो.

त्या दोन डिस्का खिडकीत आहेत.
चांगल्या जड आहेत.
पंखा जोरात केला की बाई
वहीच्या पानांवर एक ठेवतात.
एकच पुरते.