सहा की आठ

क्लाक्सविकच्या मासळी सोसायटीत
सोमवारपासून एकच फाइल पाचजणांना नाही म्हणते आहे.
वजनं, खोकी, होडीचं नाव, कुणाचं किती देणं,
सगळं तिच्या एकटीच्या पोटात,
आणि पोट बिघडलेलं.
उघडायला जावं तर म्हणते, मार्युन सांगते,
दुसरं कुणीतरी वापरतंय.
कोण, ते काही सांगत नाही.

मी तिच्या शेजारची चिमुकली फाइल बघतो,
कुलपाची.
सगळे बाहेर पडले की ती आपोआप पुसली जायला हवी.
गेलेली नाही.
म्हणजे कुणीतरी ताटावरून उठलंय
हात न धुता.

आत नावं आहेत, पण यंत्रांची.
माणूस म्हणून प्रत्येकापुढे एकच शब्द: अ‍ॅडमिन.
पाच ओळी, पाच अ‍ॅडमिन,
आणि या इमारतीत साधी खिडकी उघडायची
तरी हेयिनला विचारावं लागतं.

एका यंत्राचं नाव योआनेस-दोन.
योआनेस केव्हाच डेन्मार्कला गेला,
दातांच्या डॉक्टरणीशी लग्न करून.
यंत्र इथंच राहिलं,
धक्क्यावरच्या काट्याच्या खोपटात,
त्याच्या नावासकट.
आता त्यावर सुन्वा बसते.

तिथं पायाखाली बर्फाचा चुरा, खारं पाणी.
सुन्वा हातमोजे काढत नाही,
उजव्याचं एक बोट तेवढं कात्रीनं कापून मोकळं केलंय,
आकडे दाबण्यापुरतं.
मी काही केलं नाही, ती म्हणते.
जिथं जातो तिथं पहिलं वाक्य हेच असतं.

फाइलची नक्कल करून घेतो.
मुळाला हात लावायचा नाही,
एवढा एकच धर्म मी पाळतो.
नकलेवर दुरुस्ती चालवली.
चौदा ओळी जायबंदी.
कुठं नुसत्या चौकटी,
कुठं शेऱ्याच्या रकान्यात एकाएकी चिनी अक्षरं.
हेयिन चष्मा लावून ती वाचायला बसला.

मग सर्व्हरच्या रोजनिशीतल्या वेळा.
सव्वादहा. सव्वादहा. दहा वीस. सव्वादहा.

दुसऱ्या दिवशी दहालाच खोपटात जाऊन बसलो.
दहा चौदाला तुम्मसचा थंड ट्रक आला,
खोपट आणि ऑफिस यांच्या बरोबर मधे थांबला.
तुम्मस इंजिन चालू ठेवून कॉफीला गेला.
वायफायच्या तीन रेघांची एक झाली.
नेमकं तेव्हाच सुन्वानं 'जतन करा' दाबलं.
अर्धा आकडा ट्रकच्या पलीकडे पोचला,
अर्धा अलीकडे
पत्र्याला डोकं आपटत राहिला.

ट्रक जरा पुढं घ्या म्हणालो,
तर तुम्मस म्हणाला, वीस वर्षं इथंच लावतोय,
तुमची फाइल कधीपासून आहे?

शेवटी केबल ओढली, चाळीस मीटर.
फाइलचे दोन भाग केले:
हिशेब एका जागी, खिडक्या ज्याच्या त्याच्याकडे.
फळ्यावर लिहिलं, काम झालं की बंद करा.
संध्याकाळपर्यंत त्याखाली कुणीतरी
तोंड मिटलेला मासा काढून ठेवला.

उरल्या चौदा ओळी.
सुन्वानं खणातून वही काढली,
ओलीनं फुगलेली, पेन्सिलीनं लिहिलेली.
माझा कधी विश्वासच नव्हता, म्हणाली,
त्या फाइलवर नाही, आणि हेयिनवरही नाही.
हेयिन तिथंच उभा होता.
तेरा ओळी जशाच्या तशा सापडल्या.
चौदाव्या आकड्यावर खवला चिकटलेला;
नखानं सोडवला
तर शिसंही त्याच्यासोबत निघून आलं.
सहाशे चाळीस की आठशे चाळीस?

मार्युननं ओळ उघडली आणि होडीवर फोन लावला.
वाऱ्यातून नाखव्याचा आवाज:
तुम्ही काय लिहिलंय?
इकडे कुणी बोलेना.
बरं, सहा लिहा, तो म्हणाला.
आणि जरा थांबून,
की आठ होते?

मार्युनचं बोट कळांवर तसंच राहिलं.
पलीकडे हेयिननं तीच ओळ उघडून बघितली,
आणि त्याचा पडदा म्हणाला,
या वेळी अगदी खरं,
दुसरं कुणीतरी वापरतंय.