कंटिन्युटी

वाईच्या घाटावर शूटिंग लागलं की
मोटरसायकलवरून एक सुपरवायझर आळीत यायचा
आणि बोटानं बायका मोजायचा.
तू. तू. तू नको. तू.
दिवसाचे दोनशे, दोन वेळचं जेवण,
घड्याळं घरी ठेवायची.

अम्मा गोरी, म्हणून तिला नऊवारी, नथ,
बारशाच्या सीनमध्ये पाळण्याशी उभी सवाष्ण.
पोंक्षेबाईंची सून सावळी, नाकानं बसकी,
तिला ड्रेसदादानं फाटकं लुगडं दिलं, सांगितलं,
विहिरीपासून लांब राहा, ओंजळ पुढे करून.
ती आधी खूप हसली.
इंदुताई खरात मात्र तीनदा गेल्या आणि तीनदा परत आल्या :
इस्त्रीची साडी, चष्मा, झेडपीच्या दवाखान्यात नोकरी.
"मावशी, तुम्ही तसल्या वाटतच नाही हो,"
म्हणाला पोरगा,
आणि त्याला वाटलं, कौतुक केलं.

दुपारी पंगत बसली ती कपड्यांप्रमाणे.
कुणी ठरवलं नव्हतं.
स्पॉटदादानं लुगडी बघून ताटं ठेवली
आणि पोंक्षेबाईंच्या सुनेपर्यंत शिरा आलाच नाही.
अम्मानं आपल्यातला अर्धा पुढे केला.
तिनं घेतला की नाही
हे दोघींनीही नंतर कधी नीट सांगितलं नाही.

संध्याकाळी मेकअपदादा म्हणाला, कपाळ धुऊ नका,
उद्या हाच सीन आहे, कंटिन्युटी लागते.
अम्मा तसंच कुंकू घेऊन घरी आली,
पदर पुढे ओढून, मशिदीची गल्ली टाळून,
लांबच्या रस्त्यानं.
आम्ही आतार.
अब्बा आठवडा बाजारात हळदकुंकू, बुक्का, काजळ विकायचे.
गावाची कपाळं पिढ्यान्‌पिढ्या आमच्या पुड्यांतून भरली,
घरात एकही नाही.
त्यांनी बल्बाखाली तिचं तोंड धरलं,
अंगठ्यानं कड तपासली, म्हणाले,
हलका माल आहे. सकाळपर्यंत टिकायचा नाही.
अम्मा रात्रभर उताणी झोपली.
पहाटे त्यांनी स्वतःच्या डब्यातनं
जिथं उडालं होतं तिथं
बरोब्बर तेवढंच भरून दिलं.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही सातजण गेलो.
अम्मा दिसली : एक कोपर आणि पाळण्याची दोरी.
आमच्यातलं एकच नाव होतं त्यात,
ते मध्यंतरानंतर आलं, डोळ्यांत सुरमा घालून,
आणि आख्खं थिएटर गुरगुरलं.
अंधारात अब्बा हळूच म्हणाले,
सुरमा असा नसतो घालायचा.

पुढे मी वाचायला लागले.
वाचनालयाच्या पिवळ्या पडलेल्या कादंबऱ्यांत
दर वीस-पंचवीस पानांनी
मोलकरीण चहा ठेवून जायची.
कुठं जायची?
आतली माणसं प्रेमाबद्दल बोलत राहायची, देशाबद्दल,
कधीकधी तर तिच्याबद्दलसुद्धा,
आणि मी आपली दाराबाहेर बघत बसायचे.
एकदा एका पानाच्या कडेला
पेन्सिलीनं बारीक लिहिलं : सुभद्रा.

परवा नऊ वर्षांनी तेच पुस्तक हाती आलं.
शिलाई उसवलेली, पण सुभद्रा होती.
तिच्याखाली कुणीतरी निळ्या शाईनं,
सुबक, शाळामास्तरी अक्षरात
विचारलं होतं : आडनाव?

पर्समध्ये पेन्सिल होती.
एकेक आडनाव मनातल्या मनात लावून बघितलं
आणि दर वेळी
आतल्या माणसांपैकी कुणीतरी
कप उचलता उचलता थांबलं.