कोरी नळी

सराफा बाजार उघडायच्या आधी
माय गटारीकाठचा केर लोटून आणायची,
पायऱ्यांच्या फटीतला तर दात घासायच्या ब्रशनं.
मेहरूणच्या पाण्याशी बसून घमेलं हलवायची, गोल, गोल,
काळ्या रेतीच्या कडेला
एक पिवळी रेघ उरेपर्यंत.
तेजाबात सोनं विरतं
हे मला पुस्तकाआधी तिच्या बोटांवरच्या डागांनी सांगितलं.

आता मी विद्यापीठाच्या टेकडीवर
तेच विरलेलं सोनं उकळते,
लिंबाच्या आम्लाचं मीठ घालते,
आणि पाणी आधी पाण्यासारखं, मग काजळी,
मग डाळिंबाच्या रसासारखं लाल.
"सोनं लाल ऱ्हास का व कोठे?"
माय, दाणा इतका बारीक झाला
की उजेड त्याला पिवळा म्हणायचं विसरतो.

या कणांच्या अंगावर मी धागे लावलेत,
एका अक्षराची चूक ओळखणारे.
रक्तात ती सापडली की धाग्यात धागा गुंततो,
कण कणाला खेटतो,
लालाचं निळं होतं.
एकच अक्षर. पण तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते,
सांधे ठणकतात,
पोर शाळेतून पाड्यावर जाते ती परत येत नाही.

काल चोपड्याच्या जीपमधून अकरा नमुने आले,
थर्मासात, बर्फावर.
सातवा : रुमली पावरा, वय नऊ.
सातवी नळी निळी झाली.
मी वही ओढली.
तेवढ्यात दुसरी. दहावी.
मग बारावी, जिच्यात कुणाचंच रक्त नव्हतं.

मीठ.
बहुधा मीच चंबू नळाच्या पाण्यानं विसळला,
ज्या पाण्यानं इथल्या हंड्यांना पांढरा थर चढतो.
मीठ पडलं की हे कण
कुणालाही मिठी मारतात.

उदेसिंगला फोन केला, रक्त पुन्हा घ्यावं लागेल.
तो गप्प. मग म्हणाला,
"सुईला भिऊन ती पोर सागावर चढून बसली होती, ताई."

संध्याकाळी माय डबा घेऊन आली.
टाकाऊची बाटली तिनं उजेडात धरली,
तळाशी जांभळा गाळ.
"हाई फेकी देशी?"
आणि बाटली हलवू लागली, सवयीनं, गोल, गोल.

मी शुद्ध पाण्याचा कॅन फोडला.
चंबू धुतला, तीनदा, मग चौथ्यांदा.
जीप गुरुवारी येईल.
आज फक्त कोरी नळी लावून ठेवलीय.
लाल.
अजून लाल.