दोन्हींसाठी एकच

ताम्पेरेत, पेल्लर्वोच्या दुकानात
तूलिक्की बासची सगळ्यात जाड तार छेडते.
जुना अ‍ॅम्प घशातून बोलतो,
खिडकीची काच थरथरते.
त्यालाच सिंथ जोडला, तर वरचे स्वर
घोंगडीखालून आल्यासारखे.

दुसरा सपाट, सरळ.
सिंथ त्यात लख्ख, बर्फावरचं ऊन.
बास मात्र उघडा पडतो:
बोटं घासल्याचं ऐकू येतं,
आणि तिसऱ्या पट्टीवरची ती
अकरा वर्षांची चूक.

"हा काही झाकत नाही," पेल्लर्वो म्हणतो,
"तेवढाच दोष."

तेवीस किलो. घरी लिफ्ट नाही.
लेकाची घसरगाडी बाहेर बर्फात उभी.
ती त्यावर दुसरा ठेवते, दोरी आवळते,
गाठ मारता मारता विचारते,
जुन्याचं किती म्हणालात?